धाकटीला बोलवा

आमच्या वटार गावात अजूनही माझ्या सासऱ्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, बंदूक बाळगावी तर त्यांनी. काय ती काळजी, काय ती शिस्त. मी तिथे असले तर गप्प बसते, आणि माझं गप्प बसणं लोकांना सुनेचा आदर वाटतो. वाटू दे. आता सासरे नाहीत, बंदूक नाही, आणि जिच्याबद्दल बोलायला हवं होतं तीही नाही. पण त्या शिस्तीचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून एकदा लिहून टाकते.

मी त्या घरात सून म्हणून आले ती आणीबाणीच्या आदल्या वर्षी. माहेर आगाशीचं, म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण आमच्याकडे बंदूक नव्हती. उंदरांचा पिंजरा होता, तेवढंच शस्त्र. सासरी राजेळी केळीची वाडी, कडेने चिकू, विहिरीजवळ पानवेल. वाडी सासरे बघत. माझे मिस्टर रोज गाडीने मुंबईला नोकरीला जात आणि सुट्टीच्या दिवशी वाडीत राबत. घरात सासूबाई होत्या आणि काकी होत्या. काकी म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ तरुणपणीच वारला, मूलबाळ झालं नाही, काकी इथेच राहिल्या, एवढंच मला लग्नाच्या बोलणीत कळलं होतं. कसा वारला हे कुणी सांगितलं नाही आणि आमच्याकडच्यांनीही विचारलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी सासऱ्यांनी मला माजघरात बोलावलं. मला वाटलं, देवाला नमस्कार करायचा राहिला असेल. त्यांनी भिंतीवरची बंदूक उतरवली. ठासणीची जुनी बंदूक, उभी केली की माझ्या खांद्याला लागेल एवढी. असल्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्या, मग छर्रे, पुन्हा काथ्या, आणि हे सगळं लोखंडी गजाने ठासून बसवायचं. मागे तांब्याची एक बारकी केप लावायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो आणि बार उडतो. बंदूक भरलेली आहे की रिकामी हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी गज नळीत सोडावा लागतो. आमच्या गजावर कानशीने घासून केलेली एक खूण होती. खूण नळीच्या तोंडाशी आली आणि आत लोखंडावर लोखंड वाजलं, तर रिकामी. गज चार बोटं वरच अडला आणि आवाज दबका आला, तर भरलेली.

हे काही अवघड नाही, आणि ज्या घरात बंदूक आहे त्या घरात प्रत्येकाला हे यायलाच हवं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण आमच्या घरात ही तपासणी म्हणजे एक सोहळा होता. आधी सासरे गज घालत आणि मोठ्याने म्हणत, "रिकामी आहे." मग माझे मिस्टर. मग सासूबाई, हाताचं पीठ पदराला पुसत. मग मी, नवी नवरी, हातात हिरवा चुडा आणि त्यात तो तेलकट गज. एकाने सांगितलेलं दुसऱ्याने मानायचं नाही, प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी खूण बघायची आणि आपल्या तोंडाने बोलायचं, असा त्यांचा नियम. सगळ्यांचं झालं की सासरे मागच्या दाराकडे तोंड करून म्हणत, "धाकटीला बोलवा."

काकी मागच्या पडवीतून येत. डोक्यावर पदर, नजर खाली. मोठ्या दिरासमोर बाईने तोंड उघडायचं नाही ही त्यांच्या काळची रीत, आणि काकींनी ती एवढी वर्षं पाळली होती. त्या गज घेत, नळीत सोडत, वाकून खूण बघत आणि म्हणत, "रिकामी हाय." मग त्या आल्या तशा निघून जात आणि बंदूक भिंतीवर चढे. बाकी कुणाचं बोलणं राहिलं तर एखाद्या वेळी चाललं असतं, पण काकींच्या तोंडून ते शब्द आल्याशिवाय बंदूक कधी भिंतीवर गेली नाही. पुढे माझ्या लक्षात आलं की एका घरात एवढी वर्षं राहून काकी त्या माणसाशी फक्त हे दोनच शब्द बोलल्या होत्या.

हे दर शनिवारी. शिवाय बंदूक वाडीत नेताना आणि वाडीतून आणल्यावर. गावात चेष्टा चाले की शनिवारी आधी मारुतीला तेल आणि मग ह्यांच्या बंदुकीला. पाचूबंदराहून मासे घेऊन येणारी कोळीण एका शनिवारी ओटीवर टोपली टेकून वाट बघत बसली होती. सगळा प्रकार बघून ती मला म्हणाली, "बंदूक हाय का घरातला आजारी मानूस, सगल्यांनी येऊन इचारायचा बरा हाय का म्हनून?" मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोंबील मोजून घेतले आणि तिला वाटेला लावलं.

त्या बंदुकीचा वाडीला उपयोग काय होता, तर जवळपास काहीच नाही. एका संध्याकाळी खाडीकाठच्या तिवरांतून आलेले कोल्हे पिकल्या घडांवर तुटून पडले. मिस्टर धावत घरी आले. सासऱ्यांनी बंदूक उतरवली, आणि भरायच्या आधी ती रिकामी असल्याची खात्री करायला हवी म्हणून गज फिरू लागला. माझ्यापर्यंत आला तेव्हा कोल्ह्यांची कोल्हेकुई घरात ऐकू येत होती. काकी हात धुऊन येईपर्यंत कोल्हे पोट भरून पुन्हा तिवरांत गेले असावेत. मग बंदूक भरायची गरजच उरली नाही, पण उतरवली होती म्हणून पुन्हा सगळ्यांनी तपासली. मिस्टर त्या दिवशी चिडले. ते चिडले की वाडीत जाऊन सुकलेली पानं कापत बसत, वडिलांपुढे बोलत नसत.

पोलीस ठाण्यावर वर्षातून एकदा बंदूक दाखवायला न्यावी लागे. तिथला एक हवालदार म्हणे बाकीच्या परवानेवाल्यांना सांगे, वटारच्या त्या गृहस्थांकडून शिका. सासरे हे घरी येऊन सांगत तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला असे. मलाही सुरुवातीला थोडा अभिमान वाटला होता. माणूस जरा अती करतो, पण करतो ते भल्यासाठी, असं मी माहेरी सांगितलं होतं.

खरं काय ते मला सुकेळी करताना कळलं. राजेळी केळी घडावर पुरती पिकवून, सोलून, उन्हात वाळत घालायची, रोज उलटायची, मधाळ होईपर्यंत वाळवायची, हे आमच्या भागातलं कसबाचं काम. सासूबाई आणि मी अंगणात केळी सोलत बसलो होतो. काकी वाडीत होत्या. मी सहज म्हटलं, आई, काकींना कशाला दर वेळी मागच्या पडवीतून ओढून आणायचं, आपण चौघं बघतो ते पुरे नाही का. सासूबाईंनी सोलायचं थांबवलं. मग खाली बघतच त्यांनी सांगितलं.

चिकूच्या दिवसांत वटवाघळं येत. सासऱ्यांनी, म्हणजे तेव्हाच्या तरुण माणसाने, संध्याकाळी बंदूक भरली आणि वाडीत गेले. पाऊस आला. ते बार न उडवता परत आले, भरलेली बंदूक माजघरात खुंटीला अडकवली आणि विसरले. केपही तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाने पावसात भिजलेली बंदूक पुसायला म्हणून खाली ओढली. घोडा खुंटीत अडकला. काकी त्याच वेळी त्याच्यासाठी चहा घेऊन माजघरात येत होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

पंचनामा झाला, अपघात म्हणून लिहिलं गेलं. ते खरंच होतं, अपघातच होता. बंदूक पोलिसांनी नेली.

मी विचारलं, मग ही दुसरी घेतली का.

सासूबाई म्हणाल्या, "हीच ती. मागून सोडवून आणली."

माझ्या हातातलं केळं तसंच राहिलं. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग राग आला, आणि तो राग आजही गेलेला नाही. ज्या बंदुकीने नवरा मारला ती बंदूक, ज्या भिंतीखाली तो पडला त्याच भिंतीवर, आणि त्या बाईला दर शनिवारी बोलावून तिच्या हातात गज द्यायचा आणि तिच्याकडून वदवून घ्यायचं की रिकामी आहे. मी सासूबाईंना विचारलं, का आणली सोडवून. त्या म्हणाल्या, गावात चार घरांकडेच बंदुका होत्या, त्या घरांचं नाव होतं, बंदूक गेली असती तर लोक म्हणाले असते ह्यांनी चूक केली. आणि काकींनाच का शेवटी? तर त्या म्हणाल्या, दादा म्हणतात, जिचं गेलं तिची खात्री झाली पाहिजे. सासऱ्यांना घरात सगळेच दादा म्हणत.

म्हणजे त्यांना तो काकींचा मान वाटत होता.

मी त्या दिवशी मिस्टरांशी भांडले. ते म्हणाले, त्यांच्या हातून एकदा चूक झाली म्हणून ते जपतात, जपण्यात काय वाईट. बंदूक दहा वेळा तपासली तर बिघडलं कुठे, एकदा कमी तपासली म्हणूनच काका गेले ना. ह्याला उत्तर द्यायला मला तेव्हा जमलं नाही. आता जमतं. बंदूक हातात घेतली की गज घालायचाच. स्वतःवर विश्वास नसेल तर दुसऱ्याला घालायला लावा. त्याउपर जी तपासणी होते ती बंदुकीची नसते. सासरे दर शनिवारी काकींकडून सुटका मागत होते, आणि ती मिळाली की भिंतीवर टांगून ठेवत होते, म्हणजे पुढच्या शनिवारी पुन्हा मागता येईल. आणि खरी काळजी असती तर बंदूक घरात ठेवलीच नसती. एवढी तपासून ठेवतो म्हणून तर ठेवतो, असं ते सांगू शकत होते. त्यांच्या सगळ्या शिस्तीचा उपयोग तेवढाच होता.

दसऱ्याला तर कहर होई. बंदूक पाटावर ठेवत, नळीला झेंडूची माळ, दस्त्याला हळदकुंकू. सासूबाई आणि मी पूजा करत असू. काकी विधवा, त्यांनी पूजेला हात लावायचा नाही. पण पूजा झाली, बंदूक परत टांगायची वेळ आली की हाक यायची, धाकटीला बोलवा. कुंकवाला चालत नाही तो हात गजाला चालत होता. हे मी एकदा सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, तुला बोलायला येतं.

मग निवडणूक लागली. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. तशी ती पूर्वीही जमा होत असे, पण त्या वेळी मी पहिल्यांदा नीट लक्ष देऊन बघितलं. बंदूक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकी तांदूळ निवडायला माजघरात येऊन बसल्या. मी त्यांना तिथे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. एरवी त्या मागच्या पडवीत, विहिरीवर नाहीतर वाडीत. दुपारी त्या तिथेच सूप बाजूला सारून लवंडल्या आणि झोपल्या. शेजारची एक मुलगी लग्न ठरल्याचं सांगायला आली, तर तिला जवळ बसवून काकींनी हळदीची दोन गाणी म्हणून दाखवली. आवाज चांगला होता. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, ही अशीच गायची लग्न होऊन आली तेव्हा.

निकाल लागले. बंदूक आणायला जायचं पत्र येईल असं सासरे जेवताना म्हणाले. त्या संध्याकाळी काकी विहिरीवर माझ्याजवळ आल्या. मी कळशी भरत होते. त्यांनी कळशी माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "दादांना सांग, ती तिथंच ऱ्हाऊ द्या. मी काय मागितला नाय आजवर."

मी त्याच दिवशी सांगितलं. सासरे ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. सासूबाई दारात उभ्या होत्या, मिस्टर पायरीवर. मी शब्दाला शब्द सांगितलं. सासऱ्यांनी झोपाळा पायाने थांबवला. मग त्यांचा आवाज कापरा झाला, आणि खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी त्यांची दयाही आली. ते म्हणाले, "ह्या घरात त्यानंतर एकदा तरी बंदूक न तपासता भिंतीवर गेली आहे का? मग तिला भीती कसली?"

मी म्हटलं, भीतीचं नाही, दादा. त्यांना ती बघायची नाही.

ते म्हणाले, तपासलेल्या बंदुकीला भ्यायचं कारण नाही. आणि उठून वाडीत गेले. पुढच्या आठवड्यात बंदूक घरी आली. धाकटीला बोलवा, म्हणाले. काकी आल्या, गज घातला, रिकामी हाय म्हणाल्या. माजघरातलं सूप त्यांनी जाताना उचलून पडवीत नेलं.

त्याच वर्षीचा दसरा. संध्याकाळी सोनं द्यायला गावातली मंडळी आली होती, माजघर भरलं होतं. त्यात तो कौतुक करणारा हवालदारही होता. सासऱ्यांना अशा वेळी जरा चेव येई. त्यांनी सगळ्यांना तपासणी समजावून सांगितली, गज दाखवला, खूण दाखवली. स्वतः घातला, रिकामी आहे. मिस्टर, रिकामी आहे. सासूबाई, मी. मग हाक गेली. काकी आल्या. माणसं बाजूला सरली आणि त्यांना वाट करून दिली. कुणीतरी शेजारच्याला कौतुकाने म्हणालं, बघा, घरातल्या बायकांनासुद्धा शिकवलंय.

काकींनी गज घेतला. नळीत सोडला. लोखंडावर लोखंड वाजलेलं सगळ्या माजघराने ऐकलं. त्या वाकल्या, खूण नीट बघितली, गज बाहेर काढला आणि म्हणाल्या, "भरलेली हाय."

लोकांना वाटलं बाईंचं चुकलं. एकदोघं हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी गज घेतला, पुन्हा घातला, खूण दाखवली, इथे आहे बघा, असं कुणाकडेही न बघता म्हणाले आणि गज परत काकींच्या हातात दिला. काकींनी पुन्हा घातला. पुन्हा ठण्ण आवाज. "भरलेली हाय." मग सासऱ्यांनी घोडा चढवून, नळी दाराबाहेर अंगणाकडे धरून चाप ओढून दाखवला. नुसता खट् आवाज झाला. गज पुन्हा काकींकडे आला. या वेळी त्यांनी तो नळीत घातलाही नाही. पदर सावरला आणि मान वर करून, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, सरळ सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाल्या, "तवापासून भरलेलीच हाय."

जुन्या माणसांना कळलं असणार, कारण ती खाली बघू लागली. हवालदाराला काहीच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, आजींची नजर गेली वाटतं. काकी आजी म्हणण्याइतक्या म्हाताऱ्या नव्हत्या.

आणि सासऱ्यांनी तेवढा आधार पकडला. "हो, धाकटीची नजर गेली आता," म्हणाले आणि बंदूक उचलून भिंतीवर टांगली. एवढ्या वर्षांचा नियम त्यांनी एका वाक्यात मोडला. मी बघत होते. बंदूक पहिल्या खेपेला खुंटीवर बसली नाही. मग त्यांनी सगळ्यांना सोनं वाटलं. आम्ही करंज्या दिल्या. लोक खाऊन गेले.

त्याच्या पुढच्या शनिवारी बंदूक उतरली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तेल नाही, गज नाही, हाक नाही. एवढी वर्षं जी तपासल्याशिवाय सुरक्षित नव्हती ती आता आपोआप सुरक्षित झाली. नळीवर गंज चढला, कोळ्यांनी दस्त्यापासून कौलापर्यंत जाळी केली. मी एकदा मुद्दाम जेवताना विचारलं, दादा, शनिवार आहे, बंदूक नाही का बघायची. ते म्हणाले, भात वाढ. काकींकडून जे हवं होतं ते मिळायचं बंद झालं, तशी त्यांची काळजीही संपली, असं मी त्या दिवशी मनात म्हटलं, आणि अजूनही तसंच म्हणते. मिस्टर म्हणत, तू फार कडू बोलतेस. बोलते.

काकींनी माजघरात पाय टाकणं सोडलं. पुढच्या ओटीवर यायचं तर माजघरातूनच यावं लागे, म्हणून त्या ओटीवरही येईनाशा झाल्या. कुणाकडे जायचं तर मागच्या दाराने, वाडीतून वळसा घालून. पावसाळ्यात चिखलातून. नळीत बार नव्हता हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. सासरे कधी पडवीत गेले नाहीत. एक भिंत मध्ये ठेवून दोघं म्हातारी होत गेली.

काही वर्षांनी पावसाळ्याच्या शेवटी काकींच्या छातीत कफ धरला. डॉक्टर येऊन गेले, मी शाळेत शिकवायला लागले होते ती रजा काढून घरी राहिले. मी म्हटलं, काकी, पडवीत ओल आहे, माजघरात गादी घालते. त्यांनी नुसती मान हलवली. मी आग्रह केला नाही, कारण कशाला नाही म्हणतात ते मला कळत होतं. मिस्टरांना मी सांगितलं, निदान आता तरी ती खाली काढा. ते म्हणाले, दादांना विचारतो. विचारलं की नाही मला माहीत नाही. काकी पडवीतच गेल्या, सकाळी, मी चहा घेऊन गेले तेव्हा.

बायका जमल्या. रीत अशी की माणूस गेलं की माजघरात आणून ठेवायचं, तिथून ओटीवरून बाहेर. चौघींनी काकींना उचललं. मी माजघराच्या दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, आधी बंदूक उतरवा. मग काकी आत येतील.

मी एवढ्या मोठ्याने त्या घरात कधी बोलले नव्हते. कुणी मला गप्प केलं नाही. सासरे ओटीवरून उठून आत आले. फार थकले होते ते तेव्हा. स्टुलावर चढले, मिस्टरांनी धरलं, त्यांनी जाळ्यांसकट बंदूक खाली घेतली. बायका काकींना धरून दाराशी तशाच ताटकळत होत्या. आणि मग ते झालं. सासऱ्यांनी बंदूक जमिनीवर उभी धरली, बाजूचा गज काढला आणि नळीत सोडला. हाताला सवय होती, दुसरं काय. गंजामुळे गज घासत घासत खुणेपर्यंत गेला. "रिकामी आहे," ते म्हणाले. गज मिस्टरांकडे आला. मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, पण घातला. रिकामी आहे. सासूबाईंचे डोळे गळत होते, त्यांनी गजाला हात लावल्यासारखं केलं. मग सासऱ्यांनी मागच्या दाराकडे तोंड केलं.

तिथे काकी होत्या, बायकांच्या हातांवर. पदर नीट डोक्यावर घेतलेला, मीच घेतला होता.

सासऱ्यांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग त्यांनी गज माझ्यापुढे धरला. म्हणाले, "सूनबाई, तू बघ."

मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "काकींनी बघितलीय, दादा. भरलेली हाय."

ते उभे राहिले. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडले असते तर मी आणखी बोलले असते. पण ते बंदूक छातीशी धरून ओटीवरून अंगणात गेले आणि ती चिकूला टेकवून स्वतः तिच्याशेजारी जमिनीवर बसले. आम्ही काकींना आत आणलं, भिंतीखाली ठेवलं, न्हाऊ घातलं.

बंदूक पुन्हा घरात आली नाही. काकींचं दिवसकार्य झालं आणि मिस्टर ती पोलीस ठाण्यात देऊन आले, परवाना रद्द करायचा अर्ज घेऊन. ठाण्यातल्या माणसाने विचारलं, रिकामी आहे ना, आणि उत्तराची वाट न बघता कोपऱ्यात ठेवली. गावात बातमी पसरली. लोक सासऱ्यांना भेटायला ओटीवर आले, मी चहा दिला. एकजण म्हणाला, योग्य केलंत, आता हात थरथरतात, जपलेलं बरं. दुसरा म्हणाला, जपण्यात ह्यांचा हात कोण धरणार, वेळीच दिली, काही व्हायच्या आत.